खुर्चीविना अधिकार

'अधिकार' हा शब्द आपण दिवसातून किती वेळा ऐकतो! मामलेदार कचेरीत अधिकारी असतो, वसतिगृहात रेक्टरना अधिकार असतो, एस.टी.त कंडक्टरला असतो, आणि परीक्षेच्या दिवसांत तर वर्गात फेऱ्या घालणाऱ्या पर्यवेक्षकाएवढा अधिकार साक्षात ब्रह्मदेवालाही नसावा! अधिकार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर आधी खुर्ची येते, मग टेबल, मग टेबलावरची घंटी.

पण आपल्याच भाषेत या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. एखादा वारकरी एखाद्या फाटक्या अंगरख्याच्या कीर्तनकाराबद्दल हळू आवाजात सांगतो, "त्यांचा अधिकार फार मोठा हो!" तेव्हा त्याच्या मनात कसली खुर्ची असते? या माणसाला कुणी नेमलेले नसते, कुणी पगार दिलेला नसतो. तरी त्याच्यापुढे मान आपोआप लवते, आणि विशेष म्हणजे ती लववताना आपल्याला लहान झाल्यासारखे वाटत नाही.

या दोन अर्थांमधले अंतर मला शब्दकोशातून कळले नाही. ते एका किल्लीमुळे कळले. ती हकीकत सांगण्यासारखी नाही, कारण तीत माझी फजितीच अधिक आहे. तरीही सांगतो.

माझे घर सांगलीत. आम्ही ख्रिस्ती. आमच्या देवळात (चर्चला आम्ही घरात देऊळच म्हणतो) तरुणांचा एक संघ आहे. दर शनिवारी संध्याकाळी भजनांची तालीम, महिन्यातून एकदा प्रार्थनासभा, नाताळात नाटक आणि पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पहाटे भजने म्हणत प्रभातफेरी, असा आमचा वर्षाचा कार्यक्रम. गेल्या वर्षी मला या संघाचा चिटणीस केले. पाळकसाहेबांनी सर्वांसमोर डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि नंतर एक हजेरीची वही व कपाटाची किल्ली माझ्या हाती दिली. त्या कपाटात संघाची पेटी, दोन डफ, झांजा आणि गीतांची पुस्तके असतात.

प्रार्थना काय केली ते मी दोन दिवसांत विसरलो. किल्ली मात्र विसरलो नाही. ती मी करदोट्याला बांधायचीच तेवढी बाकी ठेवली होती! तालमीला आलेली मुले दाराशी माझी वाट बघत उभी राहत. मी सावकाश येई, कुलूप काढी, हजेरी घेई. उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल शाईने फुली मारी. हे सगळे मी देवाच्या कामासाठी करीत होतो, असे माझे प्रामाणिक मत होते. देवाच्या कामाला शिस्त नको का?

आमच्यात पेटी वाजवणारा एकच. माझ्याहून वर्षाने लहान, शाळेत माझ्यासोबत असलेला. हात असा की भजनाची पहिली ओळ त्याने नुसती पेटीवर धरली की म्हाताऱ्या बायकाही सावरून बसत. उपवासकाळ सुरू झाला आणि ईस्टरच्या तालमी लागल्या, तसा हा गडी गैरहजर राहू लागला. एक शनिवार, दोन शनिवार, तीन. मी वहीत तीन लाल फुल्या मारल्या. चौथ्या शनिवारी तो आला तो तालीम संपताना. डोळे तांबारलेले. म्हणाला, "पेटी घरी नेऊ का रे? रात्री थोडा हात फिरवीन."

मी म्हणालो, "पेटी संघाची आहे. तालमीला येणाऱ्यांसाठी आहे."

तो काही बोलला नाही. गेला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. पण पुढच्या आठवड्यात प्रार्थनासभा होती आणि ती चालवण्याचा अधिकार माझा होता. मी डोळे मिटून मोठ्या आवाजात प्रार्थना केली. जे प्रभूच्या कामात झोपी गेले आहेत त्यांना जागे कर, असे म्हणालो. त्याचे नाव घेतले. नाव घेऊन त्याच्या आत्म्याची काळजी व्यक्त केली. 'आमेन' म्हणून डोळे उघडले तेव्हा पहिल्यांदा दिसले ते हे, की त्याची आई बायकांच्या रांगेत शेवटच्या बाकावर बसली होती. तिने पदर ओठांवर दाबून धरला होता.

त्यानंतर तो आलाच नाही. पेटी वाजवणारे दुसरे कुणी नव्हते. कपाटाला कुलूप तसेच राहिले.

माझी आजी, आईची आई, साताऱ्याला असते. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात तिने उमेदीची सारी वर्षे परिचारिकेचे काम केले. आता गुडघे धरले आहेत, पण जीभ आणि कान शाबूत आहेत. प्रार्थनासभेची बातमी तिच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे. आमच्या समाजात बातम्यांना एस.टी. लागत नाही. मी तिला भेटायला गेलो तेव्हा तिने आधी जेवू घातले आणि मग विचारले,

"तो पोरगा का येत नव्हता रे?"

"कुणास ठाऊक. आळस."

"घरी गेला होतास त्याच्या?"

"नाही."

"मग ती प्रार्थना कुणाला ऐकवत होतास? देवाला की त्याच्या आईला?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजीनेच सांगितले. बापाला अर्धांगाचा झटका आलेला, म्हणून पोरगा हळदीच्या हंगामात मार्केट यार्डात अडत्याकडे रात्रीची पोती उतरवायला जात होता. सांगलीत राहून मला जे ठाऊक नव्हते ते सव्वाशे किलोमीटरवर बसून तिला ठाऊक होते.

"आजारी माणसाला कडू औषध द्यावं लागतं," ती म्हणाली, "मी जन्मभर दिलंय. पण औषधाच्या नावाखाली आपला राग पाजू नये, लेकरा."

मला रडू आले नाही, राग आला. मी म्हणालो, "मग मला नकोच हा अधिकार. उद्याच जाऊन किल्ली परत देतो."

आजी हसली. "किल्ली परत देणं सोपं आहे. कपाट उघडणं अवघड." आणि तिने फळीवरून एक जुने, पाठ निघालेले पुस्तक काढून माझ्या पुढ्यात टाकले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. म्हणाली, "साताऱ्याचा भाग वाच. आणि वाचताना हसू आलं तर हस. ती बाई हसवल्याशिवाय सोडत नाही."

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना शाळेतल्या 'केवढे हे क्रौर्य' या कवितेमुळे माहीत असते. आम्हा ख्रिस्ती मुलांना ते गीतांच्या पुस्तकामुळे माहीत असते. मराठी देवळांत आजही जी भजने म्हटली जातात त्यांतली कितीतरी त्यांचीच. पण हे नाव माझ्या आजीच्या साताऱ्याशी इतके जवळून जोडलेले आहे, हे मला त्या दिवशी कळले.

टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातल्या ब्राह्मण घरातला. आगगाडीच्या एका प्रवासात भेटलेल्या गोऱ्या गृहस्थाने त्यांना 'नवा करार' दिला. तो वाचताना डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरले ते सोडलेच नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर तुटले, जात तुटली, नातेवाईक तुटले. पुढे अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते काम करू लागले. शिकवणे, प्रवचने, कीर्तने, भजने, १८४२ साली सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'चे संपादन, असा मोठा व्याप होता. मान होता, पगार होता, नाव होते. थोडक्यात, खुर्ची होती.

आणि १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ही खुर्ची त्यांनी सोडली. मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि ते साताऱ्याला येऊन राहिले. भांडून नव्हे, मिशनवर सूड म्हणूनही नव्हे. परदेशी पैशावर आणि परदेशी संस्थेच्या हुकमावर चालणारा ख्रिस्ती धर्म या मातीत परकाच राहणार, असे त्यांना वाटू लागले होते. ख्रिस्त या देशाचा व्हायचा तर त्याची माणसे पगारी नोकर असून चालणार नाही, ती भक्त असली पाहिजेत. साताऱ्यात त्यांनी जे मंडळ उभारले त्याचे नाव 'देवाचा दरबार'. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. ख्रिस्ताला गुरू मानतो एवढे म्हणणारा कुणीही आत येऊ शकत होता.

हे नाव वाचून मी पुस्तक मिटले आणि गच्चीवर जाऊन बसलो. समोर अजिंक्यतारा होता. सातारा म्हणजे छत्रपतींची गादी. खाली शहरात राजवाडा. इथल्या माणसाला 'दरबार' हा शब्द कुणी समजावून सांगावा लागत नाही. आमच्या सांगलीतही पटवर्धनांचे संस्थान होते, ते १९४८ साली विलीन झाले. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात 'दरबार' अजून डोकावतो. दरबार म्हणजे मानपान. कोण पुढे बसणार, कोण मागे, कुणाला गादी, कुणाला सतरंजी, आणि कुणाला उंबऱ्याबाहेरूनच मुजरा. टिळकांनी नेमका हाच शब्द उचलला आणि त्यातला राजा तेवढा ठेवून बाकीची उतरंड काढून टाकली. राजा एकच, बाकी सगळे एका ओळीत. ब्राह्मण, महार, बाप्तिस्मा झालेला, न झालेला, पाळक, शिपाई, सगळे!

माझ्या हजेरीच्या वहीत मात्र दरबार जुन्याच पद्धतीचा होता. गादीवर मी होतो.

लक्ष्मीबाई खरोखरच हसवतात. आपल्या जगप्रसिद्ध नवऱ्याचे त्या कुठेही देवघरातले चित्र काढत नाहीत. त्यांचा तापटपणा, विसरभोळेपणा, हातात पैसा न टिकणे, दुसऱ्याला देऊन टाकण्याची हौस, घरात कुणालाही आणून ठेवण्याची सवय, सगळे त्या मोकळेपणी सांगतात. मला याने मोठा धीर आला. आत्मिक अधिकार हा निर्दोष माणसांनाच मिळत असता तर टिळकांनाही मिळाला नसता, मग माझी काय कथा!

पण या पुस्तकातल्या एका हिशेबापाशी मी अडलो. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मध्ये पाच वर्षे आहेत. त्या काळी नवऱ्याचा बायकोवर अधिकार किती होता हे सांगायला नको. समाज, कायदा, रूढी सगळे त्याच्याच बाजूचे. टिळक काही शांत स्वभावाचे नव्हते. त्यांनी तिला न विचारता बाप्तिस्मा घेतला आणि त्या बाईचे आयुष्य उसवून टाकले, हेही खरे. तरीसुद्धा तिच्या विश्वासावर त्यांनी हुकूम चालवला नाही. दोघे पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही ती आपले सोवळे पाळत होती आणि तो तिला पाळू देत होता. ती आली ती स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळी आली. म्हणूनच पुढे, टिळक अर्धे टाकून गेलेले 'ख्रिस्तायन' तिने हाती घेतले आणि पुरे केले. हाताला धरून ओढत आणलेले माणूस असे काम करील काय?

मला तीन शनिवार धीर धरवला नव्हता.

साताऱ्यातला दरबार फार काळ टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. खुर्ची सोडल्यापासून दोन वर्षेही झाली नव्हती. हिशेब मांडायचा तर त्यांच्या हाती इमारत राहिली नाही, निधी राहिला नाही, पद राहिले नाही. पण कोणत्याही रविवारी कोणत्याही मराठी देवळात जा. शंभर वर्षांनंतरही त्यांचे शब्द लोकांच्या तोंडी आहेत, आणि ते कुणी सक्तीने म्हणवत नाही. याला अधिकार म्हणायचे नाही तर कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आजीला विचारले, "पण आजी, टिळकांनी अधिकार सोडला ना? मग मी किल्ली सोडतो म्हटलं तर तू हसलीस का?"

"त्यांनी पगार सोडला. काम सोडलं का?" ती म्हणाली. "तू काम सोडायला निघाला होतास आणि मान तेवढा जवळ ठेवायला. रुसलेला माणूस गादी सोडत नाही रे, ती उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन टाकतो."

मग तिने मला मिरजेच्या गोष्टी सांगितल्या. डॉक्टर विल्यम वॉन्लेस १८८९ साली आमच्या भागात आले, १८९४ साली मिरजेचे रुग्णालय उभे राहिले आणि १८९७ मध्ये तिथे वैद्यकीय शिक्षणाची शाळाही सुरू झाली. दक्षिण महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून गाड्या भरभरून रोगी येत. १९२८ साली डॉक्टर निवृत्त झाले तोवर मिरजेचे नाव कुठल्या कुठे पोचले होते. आजीने अर्थातच त्यांना पाहिलेले नाही. ती तिथे आली ती पुष्कळ नंतर. पण त्यांनी लावलेली एक रीत तिने पाळली. शस्त्रक्रियेआधी प्रार्थना.

"सर्जनच्या हातात सुरी असते," आजी म्हणाली. "टेबलावरचा माणूस बेशुद्ध. त्याच्यापेक्षा मोठा अधिकार जगात कुणाचा आहे? अशा वेळी तो माणूस मान खाली घालतो आणि म्हणतो, हे माझं नाही, तुझं आहे. मग सुरी धरतो. ती सुरी टाकून पळाला तर रोगी मरेल. आणि मान खाली न घालता धरली तरी कधीतरी मरेल."

यावरून मला मत्तयाच्या शुभवर्तमानातली कफर्णहूमच्या शताधिपतीची गोष्ट आठवली. ज्या मित्रांनी बायबल वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शंभर शिपायांवरचा हा रोमन अंमलदार आपल्या आजारी चाकरासाठी येशूकडे येतो आणि म्हणतो की आपण घरी येण्याची गरज नाही, नुसता शब्द बोला. का? तर अधिकार कसा चालतो हे मला कळते, कारण मी स्वतः दुसऱ्याच्या अधिकाराखाली आहे. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो. पण त्यातली खोच त्या दिवशी कळली. तो 'माझ्या हाताखाली शंभर आहेत' इथून सुरुवात करीत नाही. 'माझ्या डोक्यावर कुणी आहे' इथून करतो. ज्याच्या डोक्यावर कुणी नाही त्याच्या हातातली किल्ली ही केवळ किल्लीच राहते.

आणि आनंद? पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून केलेल्या प्रार्थनेत एक शब्द होता, तो मला आता आठवला. हे काम याला आनंदाने करू दे, असे ते म्हणाले होते. तेव्हा तो शब्द मला शोभेचा वाटला होता. लूकाच्या शुभवर्तमानात येशूने पाठवलेले सत्तर शिष्य परत येतात तेव्हा ते हर्षाने सांगतात की भुतेसुद्धा आम्हाला वश होतात. येशू त्यांचा अधिकार काढून घेत नाही. उलट तो आपणच दिला असे सांगतो. पण आनंद मात्र त्याचा मानू नका, असे बजावतो. तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत याचा आनंद माना. म्हणजे कुणीतरी तुम्हाला आपले म्हटले आहे, तुमचे नाव जपून ठेवले आहे, हा खरा आनंद. मी मात्र दुसऱ्यांची नावे वहीत लिहून त्यांपुढे लाल फुल्या मारीत बसलो होतो! आणि पौल तर करिंथच्या मंडळीला लिहिताना स्पष्टच सांगतो, की आम्ही तुमच्या विश्वासावर धनीपणा करणारे नाही, तुमच्या आनंदात हातभार लावणारे आहोत. आत्मिक अधिकाराची याहून सोपी कसोटी मला तरी सापडली नाही. माझ्यामुळे समोरच्या माणसाचा आनंद वाढला की घटला? पदर ओठांवर दाबून बसलेली ती बाई मला पुन्हा दिसू लागली.

मी त्याच दिवशी निघालो. साताऱ्याहून कऱ्हाड, पुढे पेठनाका, इस्लामपूर, सांगली. खिडकीतून उसाची शेते मागे पळत होती. एके काळी हा सगळा मुलूख एकच सातारा जिल्हा होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. याच गावांतून १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. त्यांच्याजवळ कुठली कचेरी होती, कुठला शिक्का होता? तरी गावेच्या गावे त्यांचा शब्द मानीत. खुर्चीविना अधिकार ही आमच्या या मातीला काही नवी गोष्ट नाही. मीच तेवढा ती इंग्रजी अमलातल्या कारकुनासारखी चालवायला निघालो होतो.

घरी न जाता मी सरळ मार्केट यार्डात गेलो. रात्रीचे नऊ वाजले असतील. लॉरीच्या फळ्या खाली पडलेल्या, दिव्याच्या उजेडात हळदीची भुकटी धुक्यासारखी तरंगत होती. तो पाठीवर पोते घेऊन फळीवरून उतरत होता. केस, पापण्या, कान सगळे पिवळे. लग्नातल्या नवरदेवासारखा दिसत होता. मला बघून थांबला नाही. पोते थप्पीला लावून परत आला.

रस्ताभर घोकलेले वाक्य ऐनवेळी पळाले. मी म्हणालो, "माझं चुकलं."

तो म्हणाला, "मला झोपलेला म्हणालास ते चाललं असतं. झोप मिळतच नव्हती, तर हसू आलं असतं. पण आई होती रे तिथं."

मी मान खाली घातली. बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. मग मी किल्ली त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही. पिवळे हात दाखवून म्हणाला, "आता नको. उद्या दुपारी ये. दोघं उघडू."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी कपाट उघडले. पेटी बाहेर काढली आणि तिने सूर देण्याऐवजी नुसता सुस्कारा सोडला. इतके दिवस बंद कपाटात पडून राहिलेल्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला होता. मी कुलूप लावून जिचे रक्षण करीत होतो ती अशी आतल्या आत फाटत होती. तो माझ्याकडे बघून इतका हसला, इतका हसला, की शेवटी मलाही हसू आले. मग आम्ही पेटी सायकलच्या मागे बांधली आणि मिरजेला गेलो. तंबोऱ्या-सतारींचे गाव ते. तिथे एका वृद्ध कारागिराने भाता बदलून दिला. दोघांच्या खिशातले पैसे मिळूनही कमी पडले तेव्हा म्हणाला, "भजनाची पेटी ना? राहू द्या. वाजवा." कुठल्या देवाचे भजन, हे त्याने विचारले नाही. त्यालाही कुणी अधिकारी म्हणून नेमलेले नव्हते!

ईस्टरच्या पहाटे प्रभातफेरी निघाली तेव्हा तो यार्डातून थेट आला. अंघोळीला वेळ नव्हता. गळ्यात पट्टा अडकवून तो पुढे चालत वाजवत होता आणि मी त्याच्या बाजूने कंदील धरून. त्या दिवशी आम्ही टिळकांचेच भजन म्हटले. मी हजेरी घेतली नाही, पण कोण आले आणि कोण आले नाही हे मला पाठ होते. आणि न आलेल्यांच्या घरी दुपारी दोघांनी मिळून जायचे ठरले होते. हे काम वहीपेक्षा पुष्कळ जड आहे. कुणाच्या घरी आजार, कुणाच्या घरी भांडण, कुणी नुसताच दार लावून घेतो. पण त्यात जो आनंद आहे त्याची मला पूर्वी कल्पना नव्हती.

सगळे गोड झाले असे मात्र मी म्हणणार नाही. त्याची आई मला 'सलाम' घालते, चहा देते, पण अजून मोजकेच बोलते. तो तिचा अधिकार आहे. मी वाट बघतो आहे. टिळकांनी पाच वर्षे बघितली होती.

कपाटाची किल्ली आता देवळाच्या दाराआड एका खिळ्याला असते. आणि पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर त्या पहाटेचे हळदीचे डाग अजून आहेत. ते पुसायला मला कुणी सांगितलेले नाही.